असो

आमच्या पनवेलच्या कॉलेजात जीवशास्त्राचे एक सर होते. बोलणं संपवायला बाकीचे लोक 'असो' म्हणतात; हे गृहस्थ 'असो' म्हणून नव्याने सुरू व्हायचे. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, 'असो' म्हणायचं, की स्टाफरूममधला चहा गार झालाच म्हणून समजा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना नवं खूळ लागलं: स्वतःच स्वतःला कापणारा आरएनए. "एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हे विसरा आता! हा धागा स्वतःच तुटून सुटतो. जनुकाची नक्कल करत हा धागा विणणारं यंत्र तरीही थोडं पुढे धावतं, पण मग थांबतं. कुठे थांबायचं हे रेणूला कळतं हो, रेणूला!"

लॅबमधले शिपाईमामा निवृत्त झाले, त्या समारंभाचं प्रास्ताविक नेमकं सरांकडे गेलं. त्यानंतर मामा बोलणार होते, जन्मात पहिल्यांदा माइकवर. सरांनी आरएनए काढला. मामा मांडीवर शाल आणि नारळ घेऊन ऐकत राहिले. तिसऱ्या 'असो'ला ते उठले.

"बोलायचा व्हता सर, पन आता गावाची, करंज्याची शेवटची येष्टी नाय मिलायची."

मामा दाराबाहेर पडले. सर खुलले.

"पाहिलंत? अगदी असाच सुटतो धागा! असो..."

आणि यंत्र पुढे धावू लागलं. पेशीत त्याला थांबवणारं काहीतरी असतं म्हणे. आमच्या कॉलेजात नव्हतं.