पाचवा भाग
तांदळाच्या कोठीचं झाकण उघडलं की वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो आणि मला ते पुस्तक आठवतं. नात शाळेतून गोष्टींची पुस्तकं आणायची. त्यांतल्या एका मालिकेतली म्हातारी दर भागात नव्या तऱ्हेने मरायची आणि भूत होऊन आपल्याच तेरवीच्या जेवणाला नावं ठेवायची. बायको तेव्हा आजारी, खाटेवरच. नात वाचून दाखवी आणि ही पोट धरून हसे. "ऐकलं का जी, वरणात मीठच नाही म्हणते मेलेली!" मला ते अभद्र वाटायचं. पाचवा भाग आला तसा मी तो कोठीत तांदळाखाली दाबला. "कायले लपवता? जायचं मले हाये. हसत जाऊ द्या ना!" ती म्हणाली. मी दिला नाही. आठवड्यात ती गेली. दहाव्याला पवनीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, "माय, बाबाले मी सांभाळीन." कावळे झाडावरून हलले नाहीत. नात माझ्याकडेच पाहत होती. शेवटी मी सगळ्यांसमोर हात जोडले, "पुस्तक मीच लपवलं. घरी गेल्यावर तुले पुरं वाचून दाखवतो." तसा एक कावळा खाली उतरला. मी दुसरी शिकलेला. अक्षराला अक्षर जोडत तिच्या रिकाम्या खाटेशी बसून वाचत गेलो. आता दोनच पानं उरली आहेत, तीन वर्षांपासून. ती पानं वाचली की तिला इथे थांबायचं कारण उरणार नाही, म्हणून रोज आधीचीच पानं वाचतो.