भिंतीवरचं माझं तोंड

सन २०२२. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. मोपेडवर बसताना डोक्यावर दुपट्टा सोडून दुसरं काही घालायचं ते वय नव्हतं. पण पेंटर भेटला की ब्रशाच्या दांड्यानं स्वतःच्या हेल्मेटवर टकटक करायचा.

"भाऊ, दुपट्ट्याच्या आत काय हाय?"

"डोस्कं."

"मंग वाचवा ना त्याले."

ब्रह्मपुरीकडच्या गावांत रस्ता सुरक्षेच्या भिंती रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. शाळेतही जायचा. एक कोहळं हेल्मेटात घालून आपटायचा, दुसरं उघडंच. दुसरं फुटलं की पोरं आपापलं डोकं चाचपायची.

मी म्हटलं, "भाजी वाया घालवली."

"भाजीच गेली ना भाऊ. बरं झालं."

तुम्ही आमच्या फाट्यावरून गेला असाल तर बस थांब्याची भिंत पाहिली असेल. हेल्मेट घातलेला म्हातारा. मिशा माझ्या, नाकावरचा मस माझा. खाली लिहिलंय, 'मी घालतो. तुम्ही?' मी तिसरी शिकलेला. एकेक अक्षर लावून वाचेपर्यंत लोक हसायला लागले होते.

"मले न विचारता काऊन काढलं?"

"पुढाऱ्याचं काढलं तं कोण आयकते? तुम्हाले लोक मानतात, भाऊ."

राग आला. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पण मग चहावाला रोज ओरडायला लागला, "भिंतीवरचे भाऊ आले! टोपलं कुठी ठेवलं?" हेल्मेट घालावं तर पेंटर जिंकला. न घालावं तर रोज स्वतःच्याच तोंडापुढून खोटा ठरून जायचं. मी मोपेड मागच्या पांदणीनं, शेतातल्या वाटेनं न्यायला लागलो. पंधरा दिवसांत तिथे वाघाचे पंजे दिसले आणि वनखात्यानं पांदण बंद केली. तिकडे वाघ, इकडे भिंतीवर मी.

एका दुपारी भिंतीपाशीच पेंटरला धरलं. "पुसून टाक हे."

"पुसतो. एक दिवस घालून तं पाहा."

"नाई."

तो हसला. आपलं हेल्मेट काढून माझ्या हँडलला अडकवलं. "आजच्या दिवस राहू द्या. उद्या सकाळी मी चुना घेऊनच येतो. तवापर्यंत घातलं नाई, तं पुसून देतो." आणि उघड्या डोक्यानं गाडीवर बसला.

हाक मारून परत द्यायला हवं होतं. पण तो म्हणाला असता, पाहा, लागते ना डोस्क्याले! तेवढं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो.

संध्याकाळी घरी जाताना वळणावर पेंटरच्या गाडीला रानडुक्कर आडवं आलं. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं म्हणतात. डोकं तेवढं दगडावर आपटलं.

आता ती भिंत पुसणारा कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा खुंटीला टांगला. हेल्मेट कानाला रुतत होतं, आत रंगाचा वास होता. चहावाला उठून उभा राहिला. भिंतीपुढून गाडी काढली आणि पेंटरच्या मयतीला गेलो. त्याच्या बायकोनं हेल्मेट लगेच ओळखलं. मी काढून तिच्यापुढे धरलं. तिनं हात लावला नाही.

"जातानी घालून जा, भाऊ."

मी घातलं.