हे नाटक नाही, बाजूला व्हा!

सिस्टरला मुळात तिथे जायचंच नव्हतं. कारखान्याच्या दवाखान्यात उभा जन्म गेलेली बाई ती. कुणाचं बोट यंत्रात सापडलं, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला, कुणाला भट्टीपाशी भोवळ आली, की माणसं तिच्याकडे धावत यायची. ती आधी रागवायची, मग मलमपट्टी करायची. हातमोजे का नव्हते घातले? चष्मा काय खिशाची शोभा वाढवायला दिलाय? पट्टी बांधून होईपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच. कामगार तिला टरकून असत. पण दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्या वर्षी गावात उघड्यावरचा कलामहोत्सव भरायचा होता. रस्त्यावर नाटकं, चौकात सर्कस, भिंतींवर आणि जमिनीवर चित्रं. आयोजकांनी प्रथमोपचारासाठी कारखान्याकडे माणूस मागितला आणि डॉक्टरांनी सिस्टरचं नाव पुढे केलं. वर म्हणाले, "तेवढाच तुम्हाला बदल!"

"बदल मागितला होता कुणी?" ती घरी येऊन नवऱ्यावर उखडली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका घड्याळाच्या पोटात डोकावत होता.

"जा गं. जरा हसशील-बिसशील."

"म्हणजे? एरवी मी हसत नाही?"

"हसतेस की," मान वर न करता तो म्हणाला. "मागच्या वर्षीच हसली होतीस."

त्यावर ती ताटं आदळत जेवायला वाढायला गेली.

महोत्सवात तिला चौकाच्या कोपऱ्यात एक तंबू मिळाला. एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्ट्रेचर. मागच्या गल्लीत रुग्णवाहिका. तिचा ड्रायव्हर मात्र गाडीत कधी सापडायचाच नाही. तो सगळे खेळ बघत हिंडायचा आणि मधूनच येऊन बातमी द्यायचा, "सिस्टर, तिकडे एक बाई आग गिळतेय. चला ना!"

"गिळू दे. तोंड भाजलं की येईल इकडेच."

पहिल्याच सकाळी गर्दीत एक माणूस खोकत खोकत कोसळला. सिस्टर पिशवी घेऊन धावली. लोकांना कोपराने बाजूला सारलं, त्याला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, नाडी धरली. नाडी ठणठणीत. त्या माणसाने एक डोळा किलकिला उघडला आणि कुजबुजला, "बाई, मी नाटकात आहे. कारखान्याच्या धुराने मरतोय. मरू द्या ना मला!"

आजूबाजूला हशा पिकला. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तशी पाटी लाव गळ्यात!" असं म्हणून ती तरातरा परतली.

दुपारी चित्रकारांच्या गल्लीत माणसं लाल रंगात माखून फरशीवर निपचित पडलेली दिसली. तीही कला निघाली. धावत जाऊन तिने कापूस दाबला होता तो एका मुलीच्या रंगवलेल्या कपाळावर. मुलगी रडकुंडीला आली, कारण सकाळभर खपून काढलेली जखम पुसली गेली होती. मग कुणी रस्त्यावर खडूने एवढा हुबेहूब खोल खड्डा काढला, की काठावर उभ्या आजोबांना गरगरलं. ते तेवढे खरे पेशंट. त्यांना पाणी पाजत सिस्टर म्हणाली, "सपाट आहे हो तो. माझ्यासारखंच तुम्हालाही फसवलं त्यांनी." आजोबा म्हणाले, "पण काय काढलाय!" आणि बरं वाटताच परत खड्डा बघायला गेले.

तिने कपाळाला हात लावला. आता कुणी कोसळो, कुणी पेटो, मी खुर्चीतून हलणार नाही, असं तिने ड्रायव्हरला ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर्कसवाल्यांचा विदूषक तिच्या तंबूसमोरच खेळ मांडून बसला. चेहरा पांढराफटक रंगवलेला, कानापर्यंत लाल हसू, पायात होडीएवढाले बूट. आधाराविना उभ्या केलेल्या शिडीवर तो चढायचा, वर जाऊन डुलायचा, धपकन पडायचा, आणि उठून टोपी काढून लोकांना सलाम ठोकायचा. लोक पोट धरून हसायचे. प्रत्येक पडण्याला सिस्टरचा हात पिशवीकडे जायचा आणि प्रत्येक सलामाला तिचं डोकं तापायचं. शेवटी तिने खुर्चीच उलटी फिरवली आणि विदूषकाकडे पाठ करून बसली.

परत धप्प आवाज आला. परत हशा. ड्रायव्हर हसता हसता म्हणाला, "आता तर बसल्या बसल्याच टोपी काढली बघा!"

बसल्या बसल्या? सिस्टरने मान वळवली. विदूषकाने एका हाताने टोपी उचलली होती खरी. पण दुसरा पंजा त्याने जमिनीवर असा रोवला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. यंत्राखाली पाय सापडलेली माणसं अशीच जमीन धरतात. तिने ते फार वेळा बघितलं होतं. खुर्चीतून न हलण्याची भाषा तिथेच राहिली.

ती जवळ पोचली तर रंगाखाली चेहरा काही दिसेना. हसू आपलं जागच्या जागी. तिने त्याच्या कानामागे हात लावला. घाम, आणि तोही गार.

"लागलंय?"

"नडगी," तो ओठ न हलवता म्हणाला. "कट्ट असा आवाज झाला."

"आणि टोपी काय काढतोस, मेल्या?"

"सवय."

गर्दी हसली. सिस्टर उठून उभी राहिली आणि कारखान्याच्या भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात ओरडली, "हे नाटक नाही! बाजूला व्हा! गाडीला वाट द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, खरंच पाय मोडलाय त्याचा!"

आणखी टाळ्या. मागच्यांना दिसावं म्हणून पुढचे खाली बसले. तिने कात्रीने तो होडीएवढा बूट चिरला, तेव्हा बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पिशवीतून लांबलचक फळी काढली, तेव्हा एकाने शिट्टी मारली. बँडेज सोडायला घेतलं तर ते संपता संपेना, आणि गर्दी प्रत्येक वेढ्याला एका सुरात "अजून! अजून!" म्हणू लागली. सिस्टरचे हात शांत होते, तोंड मात्र नाही.

"अरे माणसं आहात की कोण आहात!" ती किंचाळली. "हसताय काय!"

"काय काम करते बाई!" मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

तिकडे ड्रायव्हर गाडीचा भोंगा वाजवून थकला होता. लोकांना तोही खेळातलाच वाटत होता. विदूषकाचा श्वास आता तुटक झाला होता. त्याने सिस्टरची बाही ओढली.

"सिस्टर, असे जायचे नाहीत ते. खेळ संपलाय हे त्यांना कळलं पाहिजे."

"मग कसं कळवू? बोंब मारून झाली!"

"वाका."

"काय?"

"कमरेत वाकून नमस्कार करा. छान, हळू. मग दोन्ही हात असे बाजूला न्या. वाट होईल."

"मी? मी काय विदूषक आहे?"

"आत्ता तरी आहात," तो म्हणाला आणि दुखण्याने डोळे मिटले.

सिस्टरने त्याच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, दात आवळले आणि वाकली. पांढऱ्या कपड्यातली ती जाडजूड, घामाघूम, संतापाने लालबुंद बाई कमरेत पार वाकली, सावकाश वर आली आणि दोन्ही हात बाजूला नेले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, आणि मग गर्दी आपसूक फुटली. लोक पुढच्या खेळाकडे चालू लागले. गाडी सरळ आत आली. स्ट्रेचर उचलताना एका काकूंनी सिस्टरचा हात धरून "पोट दुखलं हो हसून!" म्हटलं. सिस्टर इतकंच म्हणाली, "तिकडून धरा. चला, उचला." काकू निमूट उचलू लागल्या, आणि विदूषकाचं कण्हणं जवळून ऐकल्यावर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

संध्याकाळी इस्पितळात सिस्टरने ओल्या कापसाने त्याचं तोंड पुसलं. खालून चाळिशी उलटलेला, गालफडं बसलेला एक थकलेला माणूस निघाला. त्याला बघून ती रागवायचं विसरली. क्षणभरच. "जमिनीवर गादी घालायला काय धाड भरते तुम्हाला?" तिने विचारलं.

"गादीवर पडलेल्याला कोण हसणार, सिस्टर?"

तिने रंगाने माखलेला कापूस रागारागाने टोपलीत फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजक बाई तंबूत आल्या. डोळ्यांत नुसती चमक. "सिस्टर, लोक सारखे विचारताहेत, तुमचा प्रयोग किती वाजता? आज एकदा कराल का?"

सिस्टरने हातातली कात्री हळूच टेबलावर ठेवली. "एक गोष्ट ठरवा आधी. खरंच कुणाला लागलं, तर तुमचं ते संगीत बंद झालं पाहिजे आणि माईकवरून सांगितलं पाहिजे."

"पण त्याने प्रेक्षकांची तंद्री तुटते हो."

"हाड तुटलं तर चालतं?"

आयोजक बाई तशाच माघारी वळल्या. तासाभरात सगळ्या मंडळींना निरोप गेला. त्या दिवशी एक दोरीवरची मुलगी मनगटावर पडली, आणि वाद्यं तत्क्षणी थांबली. अख्खा चौक चिडीचूप. सिस्टर चौक ओलांडून गेली, मनगट बांधलं, मुलीला मनसोक्त झापलं आणि सोबत घेऊन आली. कुणी टाळी वाजवली नाही.

"आज अगदीच शुकशुकाट, नाही?" परतल्यावर ड्रायव्हर म्हणाला.

"तोंड बंद कर आणि गाडीत बस," सिस्टर म्हणाली आणि त्या मुलीचं मनगट इस्पितळात दाखवायला म्हणून तिला हाताला धरून गाडीत चढवू लागली.