म्हैसूरपाकाची पावती

सूतगिरणीत नोकरी करून मला पेन्शन मिळाली नाही, किस्से मात्र भरपूर मिळाले. ते फंडात नसल्यामुळे शाबूत राहिले.

*

आमचा प्रॉव्हिडंट फंड गिरणीचाच ट्रस्ट सांभाळायचा. ट्रस्टवर कामगारांचा एक प्रतिनिधी असावा असा नियम होता. शेठनी आपला ड्रायव्हर नेमला. मीटिंगमध्ये तो एकच प्रश्न विचारायचा, "गाडी काढू का?"

*

नाना फिटर मूळचे धुळ्याकडचे. निवृत्त झाले तेव्हा नशिराबादला त्यांच्या घराच्या भिंती उभ्या होत्या आणि स्लॅब फंडावर अडला होता. ऑफिसात कळलं की फंड शेठच्या मेहुण्याने केळी पिकवायच्या खोल्या बांधण्यात घातलाय आणि खोल्या बंद पडल्यात.

नाना मला म्हणाले, "म्हणजे भाऊ, त्यांनी केळी पिकवासाठे मना घरनं छप्पर लई गयात?"

*

नाना कोर्टात गेले. आम्हालाही जायचं होतं, पण जाता येईना. एका दिवाळीला गिरणीने पाव किलो म्हैसूरपाक वाटला होता. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की फंडाची तक्रार कोर्टात न नेता शेठ नेमतील त्या लवादापुढेच न्यावी. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मी ऑफिसात कारकून, त्या घेतल्या मीच, आणि मागची बाजू मीही वाचली नव्हती.

*

लवाद म्हणजे देवपूरचे एक रिटायर्ड वकील, शेठचे व्याही. गिरणीच्या गाडीतून यायचे, गेस्टहाउसवर भरीत-पुरी जेवायचे. जेवल्यावर त्यांना झोप यायची, म्हणून निकाल आधीच टाइप करून ठेवावा लागे.

माझ्या तक्रारीचा निकालही मीच टाइप केला. तक्रार फेटाळली. टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती.

*

नानांच्या केसमध्ये गिरणीचे वकील ऐटीत म्हणाले, "सर्व कामगारांनी सह्या केल्या आहेत. हा दावा इथे चालणारच नाही."

जज्ज म्हणाले, "यांची पावती दाखवा."

गिरणीचे कागद घेऊन मीच गेलो होतो; पावत्यांचा गठ्ठा सोडला. नानांच्या पावतीवर सहीच्या जागी माझ्या अक्षरात लाल शाईने शेरा होता: 'खोक्यासकट पाव किलो भरते, सबब डबा परत.' त्या दिवाळीला नानांनी डबा स्टोअरच्या काट्यावर ठेवला होता आणि "खोकं काय मी खाऊ?" म्हणून परत केला होता.

वकील दातओठ खात मला म्हणाले, "हे लिहायची काय गरज होती?"

"एक डबा उरला होता साहेब. ऑडिटला कारण द्यावं लागतं."

दावा चालला. नानांना फंड व्याजासकट मिळाला. आम्हाला म्हैसूरपाक मिळालाच होता.

*

घराचा स्लॅब टाकून झाला तसे नाना पेढे घेऊन गिरणीत आले. खात्याखात्यात वाटून झाल्यावर शेठच्या केबिनमध्ये गेले. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो. नानांनी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला, शेजारी एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'पेढे मिळाले.'

"घ्या शेठ, तोंड गोड करा. पहिले सही करा."

शेठनी हसत पेनाचं टोपण काढलं. मग थांबले. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. उजेडाकडे धरूनही पाहिली.

मग पेन बंद करून त्यांनी मला विचारलं, "वकीलसाहेब आलेत का?"