पणदऱ्याची हिरवी बुरशी

जयवंता लासुर्ण्याची. आजीचं नाव तिला ठेवलेलं, त्यामुळे घरात तिला नावानं हाक मारायची पंचाईत. सगळे जयाच म्हणत. बारामतीच्या ज्या कॉलेजात मी पीएचडी करत होते तिथंच, त्याच प्रयोगशाळेत, माझ्या शेजारच्या टेबलावर ती काम करायची. माझा विषय कालव्यातलं शेवाळ, तिचा हुमणी.

हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाच्या मुळ्या कुरतडणारी पांढरी, जाड अळी. वरून ऊस पिवळा पडत जातो आणि हातानं ओढला की बेटच्या बेट उपटून येतं. जयाच्या वडिलांचा निम्मा फड तिच्या लहानपणी असाच गेला होता. पण तिनं विषय घेतला तो काही त्यामुळे नाही. आमचे गाईड अनपट सर, त्यांच्याकडे त्या वर्षी तेवढाच एक विषय शिल्लक होता.

सुरुवातीला तिच्या हाती काहीच लागेना. गावोगावच्या शेतांत मेलेल्या हुमण्या शोधायच्या आणि त्यांच्यावर एखादी बुरशी वाढलीय का ते बघायचं, एवढंच काम. बहुतेक हुमण्या नुसत्याच सडलेल्या असायच्या. जया चिखलानं भरलेल्या चपला घेऊन परत यायची आणि हात धूत बसायची. मग एकदा पणदऱ्यात, आप्पासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या उसात, तिला एक हुमणी सापडली. लाकडासारखी कडक झालेली आणि अंगभर गर्द हिरवी भुकटी. डबीत घालून ती तशीच घेऊन आली. अनपट सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मेटारायझियम आहे," ते म्हणाले. "किडीच्या अंगात शिरून तिला मारणारी बुरशी. अशी बाजारातही मिळते, पण ही आपल्या मातीतली. हिला जप."

जयानं तिला खरंच जपलं. आधी काचेच्या बशांत वाढवली, मग पिशव्यांत भरलेल्या शिजवलेल्या तांदळावर. पांढरा भात आठवड्याभरात हिरवागार व्हायचा. जुलैत तो भात शेणखतात मिसळून तिनं आप्पासाहेबांच्या निम्म्या उसात सरीला टाकला. उरलेला निम्मा ऊस तुलनेसाठी तसाच ठेवला. ऑक्टोबरात दोन्हीकडं खणून पाहिलं. जिथं भात टाकला होता तिथं जिवंत हुमणी शोधावी लागत होती. जिथं नव्हता टाकला तिथंही काही मेल्या होत्या, पण पुष्कळ वळवळत होत्या. आप्पासाहेबांनी टोपी मागं सारली आणि म्हणाले, "मॅडम, तुमी कामाच्या हाय."

त्या दिवाळीत जया सगळ्यांशी फार बोलली. शोधनिबंध लिहिला, एका नियतकालिकाकडे पाठवला. तिकडून उत्तर आलं की बाकी ठीक आहे, पण ही बुरशी नक्की कोणती ते डीएनए तपासून दाखवा. एवढंच ना, म्हणत तिनं बशीतला नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेला पाठवून दिला.

अहवाल आला तेव्हा आम्ही डबा खात होतो. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे माझ्याच नमुन्याचं आहे का गं? बघ ना."

नाव तिचंच होतं, नमुनाही तिचाच. बुरशी मात्र दुसरीच होती. ॲस्परजिलस, आणि त्यातली ती जात, जी मक्यावर, शेंगदाण्यावर आली की त्यांच्यात विष तयार होतं.

अनपट सर म्हणाले, तिकडं नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, परत पाठव. या वेळी तिनं दोन पाठवले: एक नेहमीच्या बशीतला आणि एक फ्रिजमध्ये तळाशी ठेवलेल्या अगदी पहिल्या नळीतला. बशीतली पुन्हा ॲस्परजिलस निघाली. नळीतली मेटारायझियम.

म्हणजे सुरुवातीला तिच्याकडे खरी बुरशी होती. मधेच कधीतरी ही दुसरी हिरवी घुसली आणि तिनं पहिलीला खाऊन टाकलं. पण कधी? तांदळाच्या आधी की नंतर? तिच्याकडचा तांदूळ तर केव्हाच संपला होता, तपासायला दाणाही उरला नव्हता.

"दोन्ही हिरव्याच," सर म्हणाले. "मलाही कळलं नाही." ते रागावले असते तर जयाला बरं वाटलं असतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

त्या दिवसांत ती मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारायची.

"शेतात मी टाकलं तरी काय?"

"हुमण्या तर मेल्या ना?"

"मेल्या. पण न टाकलेल्या बाजूलाही मेल्याच होत्या थोड्या. त्या कशानं मेल्या?"

माझं शेवाळ निदान जागच्या जागी राहत होतं.

अशातच आप्पासाहेबांचा फोन आला. जयानं स्पीकर लावला. "मॅडम, तुमचा भात थोडा उरला हुता बघा. गूळपाण्यात घालून ड्रममधी वाढवलाय. आमच्या रणजितलाबी दिऊ म्हणतो, पुतण्याला. त्याच्या उसात लई हुमणी हाय."

जयाचा चेहरा उतरला. आप्पासाहेबांना ती तात्या म्हणायची. "तात्या, कुणाला देऊ नका. मी येतेय."

मीही तिच्या स्कूटीवर मागं बसून गेले. गोठ्याच्या कडेला निळा ड्रम, वर गोणपाट. काढलं तर आंबूस वास आणि हिरवट साय. गोठ्यातलं काय काय पडून त्यात वाढलं होतं, तपासूनही मूळच्या भाताचं काही कळलं नसतं. शेजारी दावणीला म्हशी, आणि त्यांच्यापुढं आप्पासाहेबांची बायको ठमाबाई वैरण टाकत होत्या.

"हे ओतून टाकायला लागेल, तात्या," जया म्हणाली.

"का? गुण आला की!"

"गुण कशानं आला ते मला माहीत नाही. ह्यात दुसरी बुरशी असू शकते. ती वैरणीवर, पेंडीवर पडली तर जनावराला त्रास होईल. माणसालासुद्धा."

"असू शकते म्हंजे? हाय का न्हाय?"

"माहीत नाही."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. "मॅडम, तुमीच दिलं, तुमीच शेतात टाकलं, तुमीच मेलेल्या हुमण्या मोजून न्हेल्या. आन् आता म्हंताय माहीत न्हाय?"

"व्हय तात्या," ती एकदम गावाकडचं बोलली. "माझं चुकलं का न चुकता झालं, तेबी मला कळंना."

ठमाबाईंनी म्हशी दुसऱ्या खुंट्याला नेऊन बांधल्या. मग आप्पासाहेबांनी बांधाच्या पलीकडं खड्डा घेतला. तोंडाला फडकी बांधून आम्ही ड्रम रिकामा केला, वर चुना टाकला, माती लोटली. ड्रमसुद्धा ते पुन्हा वापरणार नाहीत असं जयानं त्यांच्याकडून वदवून घेतलं.

पण गावात बोलणं झालंच. रणजित चारचौघांत म्हणाला, औषध चांगलंच होतं, मॅडमनी कंपनीला विकलं असेल म्हणून आपल्याला ओतून टाकायला लावलं. जयाच्या कानावर ते आलं तेव्हा ती हसली आणि मग तासभर काचेच्या बशा धूत बसली.

पुढच्या पावसाळ्यात तिनं सगळं नव्यानं केलं, शेतात नाही तर प्रयोगशाळेतच. मातीचे डबे भरले, त्यांत जिवंत हुमण्या सोडल्या. काही डब्यांत जुन्या नळीतली बुरशी, काहींत ती घुसखोर, काहींत नुसतं पाणी. खऱ्या बुरशीनं पुष्कळ हुमण्या मारल्या. घुसखोरानंही काही मारल्या. आणि नुसत्या पाण्याच्या डब्यांतही मेल्या, का ते कुणालाच सांगता येईना. उष्णतेनं म्हणावं तर सगळे डबे एकाच फळीवर होते. तिची आई, सिंधुबाई, फोनवर म्हणाली, "अगं, मेल्या तर चांगलंच झालं की. तू का रडतीयास?"

त्याच वर्षी आप्पासाहेबांनी तिला पुन्हा शेतात बोलावलं. राग गेला होता की कुतूहल जास्त होतं, कोण जाणे. दोघांनी मिळून खणलं. हुमणी जवळपास नव्हतीच, ना या निम्म्यात, ना त्या निम्म्यात.

"तात्या, ह्या वर्षी काय टाकलंत?"

"काय बी न्हाय. देवाशप्पथ."

"मग?"

"आता मला इचारताय व्हय?"

प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा अनपट सरांनी सुचवलं की शेतातला प्रयोग वगळू या, डब्यांचं तेवढं ठेवू. जया ऐकेना. शेतातलं सगळं तिनं घातलं, घुसखोर बुरशीसकट, आणि शेवटी लिहिलं की या हुमण्या नेमक्या कशानं मेल्या हे या अभ्यासातून सांगता येत नाही. सरांनी ते वाक्य दोनदा खोडलं. तिनं दोनदा परत लिहिलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "राहू दे. निस्तरायचं तुलाच आहे."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच पानावर थांबले. "मग तुमचं मत काय? कशानं मेल्या?"

आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. जया घोटभर पाणी प्यायली. "सर, तीन शक्यता आहेत: खरी बुरशी, घुसखोर, किंवा दोन्हींशिवाय आपोआप. तिन्हींच्या विरुद्ध माझ्याकडे पुरावा आहे."

परीक्षक हसले, की खोकले, मला नक्की कळलं नाही. त्यांनी पान उलटलं. तासाभरानं त्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती माझ्याजवळ आली ती अजून परीक्षेतच असल्यासारखी. "दिली गं त्यांनी पदवी. का दिली असेल?"

आता ती इंदापूरच्या एका कॉलेजात शिकवते. मुलं तिला घाबरत नाहीत, कारण माहीत नसलेलं ती वर्गात सरळ सांगते. काही पालकांनी त्याची तक्रारही केली आहे. गेल्या महिन्यात ती भेटली तेव्हा पुन्हा पणदऱ्याला निघाली होती. आप्पासाहेबांनी शेताचा एक कोपरा तिला दिला आहे, पण अट घातली आहे, या खेपेला काय टाकणार ते आधी सांगायचं.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, काहीच टाकणार नाही. महिन्या-महिन्याला येऊन नुसती माती बघणार."

"आणि ते?"

"म्हणाले, नुसतं बघून काय हुतंय?" तिनं स्कूटीला किक मारली. गाडी सुरू झाली नाही. तिनं पुन्हा मारली. "मी म्हटलं, ते बी बघू."