आत्याबाईंचा उंबरा

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधीची गोष्ट. औंढ्यात दिवाळी नुकतीच सरली होती आणि आम्ही घर शोधत होतो... चालता न येणाऱ्या माणसासाठी.

नात काल फ्लॅट बघून आली. लिफ्ट आहे, रॅम्प आहे, आजी तू व्हीलचेअरवर थेट आत, असं कौतुकानं सांगत होती. मला आत्याबाई आठवल्या, म्हणून तिच्याकडूनच हे टाइप करून घेते आहे. नव्वदी ओलांडली आहे माझी, थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. बालविधवा, डोंगरकडा गावी दिरांकडे राहायच्या. पन्नाशीत तापाचं निमित्त झालं आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. दिरांचं घर उंच जोत्यावर, दाराला पायऱ्याच पायऱ्या... कुणी उचलून बाहेर आणलं तर आत्याबाईंना ऊन दिसायचं.

वाईट कुणी वागत नव्हतं हो. पण "मी काय ज्वारीचं पोतं हाय का, उचला अन् ठेवा?" म्हणत त्या एकदा ह्यांच्यापुढे रडल्या, आणि हे त्यांना सरळ आमच्याकडे घेऊन आले.

आणि आणलं कुठे, तर माडीवर. हे शाळेत मास्तर, भाड्याची खोली, तिला उभा लाकडी जिना... आगीतून फुफाट्यात. आत्याबाईंनी थोडे दिवस काढले, मग म्हणाल्या, असंच कोंडून राहायचं तर मला डोंगरकड्याला परत सोडा, तिथं निदान माझी तुळस हाय.

मला फार लागलं ते. नवी सून मी, पण आमचं दोघींचं गूळपीठ जमलं होतं. सपाट जमीन मिळाली तर त्या हातांवर जोर देऊन बसल्या बसल्या कुठेही सरकत जायच्या. कापसाच्या वाती तर अशा वळायच्या की बघत राहावं, आणि नागनाथाच्या गावात वातींना गिऱ्हाईक कमी नाही. त्यांना एवढंच हवं होतं... कुणाला हाक न मारता आत-बाहेर करता येईल असं एक दार.

शोधायला लागलो तेव्हा कळलं, गावात खोल्या ढीगभर, पण आत्याबाईंच्या कामाची एकही नाही. कुठे पायऱ्या, कुठे उंच ओटा. जमिनीलगतचं असलं तर भाडं मास्तरच्या आवाक्याबाहेर. आणि उंबरा तर सगळीकडेच. आपण न बघता ओलांडतो ते वीतभर लाकूड आत्याबाईंना भिंतीसारखं होतं.

शेवटी राधाबाईंची खोली कळली. शेतकरी माणसं, घराला लागूनच एक खोली, तीत कडबा भरलेला. भाडं नावापुरतं सांगितलं. आत्याबाईंना गाडीत घालून आम्ही बघायला गेलो, कारण त्यांनी बजावलंच होतं, "घर मी बघणार. तुमचे पाय निराळे, माझे निराळे."

खोली रस्त्याच्या बरोबरीनं, सपाट... आड येत होता तो फक्त उंबरा. ह्यांनी अदबीनं विचारलं, "राधाबाई, एवढा उंबरा काढून द्याल का? सुतार मी आणतो."

राधाबाईंनी आधी उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मास्तर, दुसरं काई बी मागा. उंबरा काढला तर त्याला घर काहून म्हनावं? उंबरा नसतो तो गोठ्याला. गावसुद्धा आमी उंबऱ्यावरनं मोजतो."

त्यांचं चूक नव्हतं. सणावाराला त्याचीच पूजा, नवी नवरी माप ओलांडून येते ती तिथूनच. ह्यांचा चेहरा पडला. मी गाडीच्या चाकाला धरून उभी होते... संपलं, आता डोंगरकडा, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात गाडीतून आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "राधाबाई, असं करू. एक उंबरा काढा, अन् एक उंबरा काढा."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं की काय. राधाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय बोलून राहिल्या वो ह्या?"

"लाकडाचा काढायचा करवतीनं," आत्याबाई म्हणाल्या, "अन् रांगोळीचा काढायचा हातानं. रोज सकाळी मी काढीन. मी तर खालीच बसलेली, मला वाकायची बी तकलीफ न्हाई."

राधाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अशा हसल्या की त्यांचे मालक आतून बघायला आले. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "बरं, तुमी काढा. हळद-कुंकू मी वाहीन. माझ्या घरचा उंबरा हाय, त्याला उपाशी कसा ठेवू?" विधवेनं दारात रांगोळी काढायची, यावर तेव्हा गावात कुजबुज झाली असणारच... राधाबाईंनी ती आमच्या कानापर्यंत येऊ दिली नाही.

सुतारानं उंबरा कापला. राधाबाईंनी ते लाकूड चुलीत घातलं नाही, खणात गुंडाळून धान्याच्या कोठीशेजारी ठेवलं.

राहायला आलो त्या दिवशी आत्याबाई सरकत सरकत आत गेल्या. मग बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या, पुन्हा बाहेर. ह्यांनी विचारलं, काही विसरलं का आत्या? तर म्हणाल्या, "न्हाई रे... नुसतं जाऊन येऊन राहिले."

दारात बसून त्यांनी पुढं कितीतरी वर्षं वाती वळल्या. रोज सकाळी चौकटीतून दोन जाड पांढऱ्या रेघा, मधे ठिपके, की राधाबाई येऊन हळद-कुंकू वाहणार. आम्ही सगळे तो उंबरा पाय उचलून ओलांडायचो, त्यावर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती. पुसायची मुभा फक्त आत्याबाईंना.

राधाबाईंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. संध्याकाळी पाण्याची घागर घेऊन मी घरी यायचे आणि आधी दाराकडे बघायचे... रांगोळी पार पुसलेली दिसली की जीव थंड व्हायचा. आज आत्याबाई भरपूर हिंडल्या.