बुरखेवाला कोणत्या गटात

आमच्या बोर्डिंगमध्ये दर रविवारी एकाच मुलाला सिनेमाला जायची परवानगी मिळे. हा नियम गृहप्रमुखांचा होता आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. तीनच्या खेळाला जायचं आणि संध्याकाळी वेळेत परत यायचं. तो आला की आम्ही बाकीचे ओसरीवर घोंगडी अंथरून आठवड्याचे जोंधळे निवडायला बसत असू. पिक्चर बघून आलेल्याला मात्र निवडणं माफ होतं. त्याने मधोमध मांडी घालून सगळी गोष्ट सांगायची. जेवणाची घंटा होईपर्यंत गोष्ट संपली पाहिजे, एवढीच अट.

आणि असा ऐकलेला पिक्चर आम्ही ‘ऐकला’ असं कधी म्हणत नसू. कॉलेजात कुणी विचारलं, की नवा पिक्चर बघितलास का, तर आमच्यातला कुणीही सांगे, “बघितला की.” आपण खोटं बोलतोय असं त्यात कुणाला वाटत नव्हतं. आम्ही बहुतेक सगळे खेड्यांतून आलेलो. देवादिकांच्या, राजेरजवाड्यांच्या कथा आम्ही ऐकूनच मोठे झालो होतो आणि त्या आपल्या डोळ्यांपुढे घडल्या असंच समजत होतो. पिक्चर त्याहून वेगळा कशाला असेल?

माझी पाळी यायची तेव्हा मी सिनेमाला जात नसे. त्याऐवजी परवानगी घेऊन एस.टी.ने शिरोळकडे घरी जाऊन येई. त्यामुळे कोल्हापुरात दोन वर्षं काढूनही मी एकही पिक्चर डोळ्यांनी पाहिला नव्हता. ‘बघितलेले’ मात्र पुष्कळ होते.

आमच्यात सांगणारे खरे तिघेच. पहिला चंदगडचा. तिकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस घराबाहेर पडता येत नाही, म्हणून असेल, त्याला कशाचीच घाई नसे. दुसरा कागलजवळच्या खेड्यातला, कल्हईवाल्याचा मुलगा. वडिलांबरोबर गावोगाव हिंडल्यामुळे त्याला चार प्रकारचं मराठी, थोडं कानडी आणि घरचं हिंदी येत होतं आणि बोलण्यात त्याला कुणी धरू शकत नव्हतं. तिसरा तालमीतला. पहाटे मेहनत करून यायचा आणि वर्गात झोपायचा. बाकीच्यांना गोष्ट सांगता येत नसे, म्हणून ते आपली पाळी खुशीने या तिघांपैकी एकाला देऊन टाकत.

पिक्चर बहुतेक मारामारीचे, अचाट शक्तीच्या वीरांचे. डोंगरावरून घोडा उडवणारा बुरखेवाला होता. बोटातली अंगठी फिरवून दिसेनासा होणारा होता. लोखंडी पंज्याने तुरुंगाचे गज वाकवणारा होता. आगीतून चालत जाणारी एक राजकन्याही होती. आम्ही त्यांना बुरखेवाला, अंगठीवाला, पंजेवाला, आगवाली असंच म्हणत असू, जणू ते शेजारच्या गल्लीत राहतात.

इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या मळ्यावर मोट हाकायचे. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की जूनपासून मास्तराची एक जागा रिकामी होते आहे, पोराला पाठवा. वडिलांनी मला एकच गोष्ट सांगितली. “कालिजातल्या सरास्नी तू पायजे असशील तर ऱ्हा. नसशील तर ये. उगंच बाकावर जागा अडवू नगं.”

मला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचं होतं. त्या विषयाचे सर थोडीच मुलं घेत आणि निवडण्याची त्यांची एक पद्धत होती. तास ते इंग्रजीत घेत, पण शनिवारी अभ्यासमंडळ भरवत आणि तिथे मराठी चाले. त्यांनी सांगितलं, “कोणताही एक समूह निवडा. त्यातल्या माणसांचे स्वभावावरून गट पाडा आणि गट का पाडले ते सांगा. निबंध वाचून दाखवा. त्यावरून मी ठरवीन.”

शहरातल्या मुलांनी राजे घेतले, संत घेतले, देशाचे पुढारी घेतले. त्यांच्या घरी पुस्तकं होती. मी ग्रंथालयात दोन दिवस बसलो, पण ज्यांच्याविषयी आपल्याला आतून काही माहीत आहे असं म्हणता येईल, अशी माणसं मला तिथे सापडली नाहीत. अमका राजा रागावला की काय करायचा, हे मला पुस्तकात बघावं लागत होतं. बुरखेवाला काय करतो हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. भीत भीत मी तोच विषय घेतला.

गट पटापट पडले. पहिला सोशिकांचा. हे वीर वाट बघतात, शत्रूला एकदा संधी देतात. बुरखेवाला आणि आगवाली यात. दुसरा हिकमती लोकांचा. यांच्या हातात शक्ती असते, पण ते आधी बोलून, वेष पालटून काम साधतात. अंगठीवाला आणि सात सोंगं घेणारा एक जादूगार. तिसरा तापट आणि सरळ. हे आधी ठोसा मारतात, मग चौकशी करतात, पण पाठीमागून कधी वार करत नाहीत. त्यात पंजेवाला आणि पाणघोड्याशी झुंजणारा एक सरदार. प्रत्येकाला मी प्रसंगाचा आधार दिला होता. इतका नीट निबंध मी त्याआधी लिहिला नव्हता.

शनिवारी वाचायला उभा राहिलो तेव्हा विषय ऐकूनच मागच्या बाकावर कुणीतरी शीळ घातली. सरांनी नुसतं तिकडे पाहिलं आणि मी वाचत राहिलो. माझा आवाज लहान. उच्चार सांभाळत वाचायचं तर तो आणखी लहान होई. तरी बुरखेवाल्यापर्यंत आलो. तो दुष्ट कारभाऱ्याला कड्यावर गाठतो, पण मारत नाही. त्याला घोड्यावर घेतो, गावात आणतो, आधी पाणी पाजतो आणि मग पंचांपुढे उभा करतो. म्हणून हा सोशिक.

“सर, मी विचारू का?” पुढच्या बाकावरून आवाज आला. वर्गात मुली तीनच होत्या, त्यांतली ही एक. वडील वकील होते तिचे. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “हा पिक्चर मी मामांबरोबर पाहिलाय. बुरखेवाला त्या कारभाऱ्याला कड्यावरून खाली फेकतो. तुम्ही म्हणता ते पाणी कुठे पाजलं?”

“गावात पाजलं,” मी म्हणालो.

“गाव दाखवलंच नाहीये. कारभारी खाली पडतो आणि पिक्चर संपतो.”

सरांनी विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलात का हा पिक्चर?”

“बघितला की, सर. म्हणजे... आमच्या बोर्डिंगनं बघितला.”

हसू फुटलं. सर हसले नाहीत. “बोर्डिंगने कसा पाहिला?”

मग मला सगळं सांगावं लागलं. रविवारची परवानगी, जोंधळे, ओसरी. हसणं वाढत गेलं. माझ्या डोळ्यांपुढे आता गावची शाळाच दिसत होती. कौलारू, एका खोलीत चार इयत्ता. मी खाली मान घालून, कुठला पिक्चर कोणी सांगितला ते सांगू लागलो, कारण सरांनी तेच विचारलं होतं. बुरखेवाला चंदगडवाल्याने सांगितला. आगवालीही त्यानेच. अंगठीवाला कल्हईवाल्याच्या मुलाने. सात सोंगांचा जादूगार, तोही त्यानेच. पंजेवाला तालमीतल्याने...

तिथे मी थांबलो. सरदारही तालमीतल्यानेच सांगितला होता.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“सर, हे गट त्या वीरांचे न्हाईत.” उच्चार सांभाळायचा राहून गेला. “ही आमची तीन पोरं हायती.”

आता कुणी हसलं नाही. कदाचित काय झालं ते कळलं नसेल. मला स्वतःलाही पुरतं कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं, की दोन वर्षं मी ज्यांना बुरखेवाला आणि पंजेवाला म्हणून ओळखत होतो, ते माझ्याच पंगतीत बसून भाकरी खात होते.

सरांनी टेबलावर बोटं वाजवली. “मग आता हे खरं की खोटं, कसं ठरवणार?”

मी हातातले कागद पुन्हा उलटून पाहिले. “एकच पिक्चर तिघांनी बघायला पाहिजे. आणि वेगवेगळा सांगायला पाहिजे.”

“बघा. पुढच्या मंडळात पुन्हा वाचा. तुमच्या जागेचं त्यानंतर बोलू.”

गृहप्रमुखांकडे जायला मला त्याहून जास्त धीर करावा लागला. ते हिशेबाच्या कामात होते. एकाच रविवारी चौघांची परवानगी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“अभ्यासासाठी सिनेमा? हे कधीपासनं सुरू झालं?”

“सरांनी सांगितलंय.”

“मग सरास्नीच घेऊन जा की.” मी उभाच राहिलो. जायचं की थांबायचं ते कळेना. शेवटी तेच म्हणाले, “जा चौघं. पण परत आल्यावर सगळ्यांनी निवडायला बसायचं. सांगणाऱ्यानंसुद्धा. काय अभ्यास करतायसा ते मीबी ऐकणार हाय.”

असा मी पहिल्यांदा थेटरात गेलो. त्या दिवशी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून लढणारा एक वीर होता. हाताच्या एका फटक्यात भिंत पाडायचा. मी डोळे फाडून त्याचा स्वभाव शोधत होतो आणि मला तो सापडत नव्हता. वीर उडी मारायचा, ठोसा मारायचा, घोड्यावर बसायचा. बोलायचा अगदी थोडं. मध्ये एका ठिकाणी मात्र तो फितूर सेनापतीच्या महालात शिरतो. सेनापती गाढ झोपलेला. वीर दारात क्षणभर उभा राहतो. तिथे चित्र बदललं आणि पुढे दरबार सुरू झाला. बहुधा रीळ तुटलेलं असावं, कारण पुढे त्या सेनापतीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मागून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी ओसरीवर चंदगडवाला आधी बसला. बाकी दोघांना आत लसूण सोलायला बसवलं होतं, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सेनापतीपाशी आल्यावर त्याने सुपातले खडे वेचत शांतपणे सांगितलं, “मग पट्टीवाल्यानं बघितलं, तर सेनापती थंडीनं कुडकुडतोय. त्यानं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि उशाशी बसला. म्हणाला, उठंल सकाळी, तवा बोलू.”

कल्हईवाल्याचा मुलगा आला. त्याच्या पट्टीवाल्याने झोपलेल्या सेनापतीचा पोशाख चढवला, मिशी लावली आणि सरळ दरबारात जाऊन सेनापतीचाच पगार मागितला. सगळे हसून लोळले. गृहप्रमुख दाराशी उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

तालमीतला म्हणाला, “झोपल्याला मारत्यात व्हय? त्यानं हाक मारून उठवलं. म्हणाला, लंगोट कस, पाणी पी, तयार हो. मी थांबतो. आणि मग असा उचलला मर्दा त्याला...” त्याने खरंच शेजारच्या पोराला उचललं आणि जोंधळे सांडले.

मग सगळे माझ्यामागे लागले. तूही आज बघितलायस, तू सांग. मी कधी सांगितलं नव्हतं. अडखळत सेनापतीच्या महालापर्यंत आलो.

“वीर दारात उभा राहिला,” मी म्हणालो.

“मग?”

“त्यानं आत बघितलं.”

“मग?”

“विचार करायला लागला, की आत जावं का.”

“किती वेळ करणार लेका?” कल्हईवाल्याचा मुलगा म्हणाला. “तवर सेनापती म्हातारा हून मरंल की.”

“ह्याचा वीर कडी वाजवून, आत येऊ का इचारतोय,” तालमीतला म्हणाला.

सगळे हसले आणि मलाही हसू आलं. लाज वाटायला हवी होती, पण तेवढी वाटली नाही. आपण कुणासारखे आहोत हे कुणीतरी नेमकं सांगितलं की बरंही वाटतं, हे मला तेव्हा नवीन होतं.

पुढच्या मंडळात मी निबंध पुन्हा वाचला. एक पिक्चर, एक तुटलेली जागा आणि ती भरून काढणारी चार माणसं. कुणाचं नाव घेतलं नाही. चौथा गट मी सांगितला, पण त्यावर मथळा घातला नव्हता.

“चौथ्या गटाला नाव का नाही?” सरांनी विचारलं.

“सुचलं नाही, सर. एकाच माणसाचा गट होतो का, तेही मला माहीत नाही.”

“उशिरा आत जाणारे, असं लिहा की,” ती वकिलांची मुलगी म्हणाली. “आणि एकटे नाहीत तुम्ही. वर्गात विचारून बघा, निम्मे निघतील.”

मी तिथेच उभ्याने ते लिहून घेतलं. सरांनी कागद हातात घेऊन चाळला, एका ठिकाणी पेन्सिलीने काहीतरी खूण केली आणि परत दिला.

“जूनमध्ये माझा तास सकाळी पहिला असतो,” ते म्हणाले. “तिथे मात्र उशिरा आत आलेलं चालणार नाही.”

बाकावर बसल्यावर शेजाऱ्याने कोपराने ढुसणी दिली, तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला.

त्या रविवारी मी गावी गेलो. वडील मोटेवर होते. बैल मागे सारत त्यांनी विचारलं, “घेतलं का सरांनी?”

“घेतलं.”

“कशापायी घेतलं?”

मी पिक्चरचं, जोंधळ्यांचं, पट्टीवाल्याचं सगळं सांगितलं. मोट रिकामी झाली, पुन्हा विहिरीत गेली, भरून वर आली. त्यांना किती समजलं ते मला कळलं नाही.

“आनि ह्ये शिकून म्होरं काय हुतं?”

“माणसं कशी असतात ते थोडं कळतं.”

“थोडंच?”

“थोडंच.”

त्यांनी कासरा ओढला. बैल थांबले. “सोमवारी बाजाराला जानार हाय. हेडमास्तर गाठ पडत्यात तितं,” ते म्हणाले. “सांगतो त्यास्नी, जागा दुसऱ्या कुनालातरी द्या म्हनून.”